दाबोळी विमानतळ

दाबोळी विमानतळ : गोवा राज्यातील संरक्षण व नागरी अशा दुहेरी उपयोगाचा विमानतळ. दक्षिण गोवा जिल्ह्याच्या मुरगाव तालुक्यात, वास्को द गामा शहरापासून सु. ४ किमी. व पणजीपासून रस्त्याने सु. ३० किमी. अंतरावर तो वसला आहे. भारतीय नौदलाच्या ‘हंस’ या हवाई तळाची धावपट्टी व नागरी वाहतुकीची धावपट्टी येथे एकच आहे. पोर्तुगीज राजवटीने नाकेबंदीतून वाट काढण्यासाठी ती बांधली, भारतीय हवाई दलाने ती बाँबफेकीने निकामी केली, नौदलाने तिच्यावर आपले सागरी वैमानिक घडविले आणि पुढे परदेशी पर्यटकांच्या चार्टर विमानांनी व कमी दराच्या विमानसेवांनी तिच्यावर गर्दी केली. धावपट्टीची मालकी कोणाकडे असावी आणि तिच्या दिवसाच्या तासांची वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न या विमानतळाच्या इतिहासात प्रारंभापासून महत्त्वाचा ठरला आहे.

स्थान व स्वरूप : झुआरी नदीचे मुख व अरबी समुद्र यांच्या दरम्यान मुरगावचे द्वीपकल्प पश्चिमेकडे निमुळते होत गेले आहे. त्याच्या जांभ्या खडकाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सु. ५५ मी. उंचीवर, हा विमानतळ आहे. दक्षिणेस बोगमाळो किनारा व वायव्येस मुरगाव बंदर आहे. साधारणपणे पूर्वपश्चिम दिशेची मुख्य धावपट्टी सु. ३,४०० मी. लांब असून तीवरून मोठी जेट विमाने ये-जा करू शकतात. तळाचे एकूण क्षेत्र सु. ६८८ हेक्टर असून त्यापैकी नागरी वाहतुकीच्या वाट्याला केवळ सु. १४ हेक्टर आले आहे; आधी तर ते त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. धावपट्टी, हवाई वाहतूक नियंत्रण व अग्निशमन या बाबी नौदलाकडे, तर प्रवासी इमारत आणि तिच्यासमोरील विमाने उभी करण्याची जागा भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. अशा व्यवस्थेत नागरी यंत्रणा ही एका अर्थाने नौदलाच्या घरातील भाडेकरू ठरते. प्रवासी इमारत कितीही वाढविता आली, तरी धावपट्टीवरील वेळ वाढविणे तिच्या हातात नसते.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोव्याचा बाह्य जगाशी संबंध मुख्यतः मुरगाव बंदर, घाटातून लोंड्याकडे जाणारा लोहमार्ग आणि मुंबईकडे जाणाऱ्या बोटी यांद्वारे होता. भारत स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगालने आपल्या भारतातील वसाहती सोडण्यास नकार दिला. १९५४ मध्ये दाद्रा व नगर-हवेली हे प्रदेश पोर्तुगीजांच्या हातून गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन अनेकांचे बळी गेले. त्यानंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी अधिक कडक केली; सीमेवरील वाहतूक व रेल्वेचे दळणवळण थांबले. दमण व दीव ही ठाणी तर गोव्यापासून शेकडो किमी. दूर होती आणि त्यांच्याशी संपर्क ठेवण्यास समुद्र व आकाश यांखेरीज मार्ग उरला नव्हता. दाबोळीच्या विमानतळाची निकड या परिस्थितीतून निर्माण झाली.

पोर्तुगीज काळ : १९५० नंतरच्या दशकात पोर्तुगीज शासनाने दाबोळीच्या पठारावर धावपट्टी बांधली. तत्कालीन गव्हर्नर-जनरल पाउलू बेनार गेदिश याचे नाव विमानतळास देण्यात आले. १९५५ मध्ये पोर्तुगीज भारताची स्वतंत्र हवाई वाहतूक संस्था सुरू झाली. टी. ए. आय. पी. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाई. गोव्याहून दमण, दीव व कराची येथे तिची विमाने जात. भारताची कोंडी चुकवून जगाशी जोडणारा कराची हा महत्त्वाचा दुवा होता. आरंभी लहान हेरॉन विमाने, नंतर व्हायकिंग व डी. सी.-४ यांसारखी मोठी विमाने तिने वापरली आणि अखेरच्या काळात थेट लिस्बनपर्यंत सेवा चालविली. प्रवासी, टपाल व निकडीचा माल यांची ने-आण ही या विमानतळाची घोषित कामे होती. परंतु कोंडीत सापडलेल्या राजवटीला अधिकारी, सैनिक व सामग्री आणण्याचा तोच जलद मार्ग असल्याने त्याला संरक्षणदृष्ट्याही महत्त्व होते. दाबोळी विमानतळ मुळात नागरी होता की लष्करी, हा पुढे वादाचा विषय झाला. त्याचे उत्तर या काळातच शोधावे लागते. औपचारिकदृष्ट्या तो नागरी होता. मात्र त्याच्या उभारणीमागे राजकीय कोंडी फोडण्याचा हेतू होता.

१९६१ ची कारवाई : १७-१८ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सैन्याने ‘ऑपरेशन विजय’ ही मोहीम सुरू केली. गोव्यातील पोर्तुगीज सैन्याला हवाई मार्गाने कुमक मिळू नये, यासाठी दाबोळीची धावपट्टी निकामी करणे हे हवाई दलाचे पहिले उद्दिष्ट होते. प्रवासी इमारत व विमानतळावरील अन्य सोयी मात्र शाबूत ठेवाव्यात, अशी स्पष्ट सूचना होती. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याच्या लोहगाव तळावरून निघालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली धावपट्टीवर सु. ६३,००० पौंड, म्हणजे सु. २८ टन, वजनाचे बाँब टाकले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली ८ कॅनबेरा विमानांच्या दुसऱ्या तुकडीने पुन्हा हल्ला केला. बांबोळी येथील बिनतारी संदेश केंद्रावर हंटर विमानांनी मारा केला.

सूचनेप्रमाणे इमारती शाबूत राहिल्या. तळावर उभी असलेली दोन नागरी विमाने, पोर्तुगालच्या राष्ट्रीय विमानसंस्थेचे कॉन्स्टेलेशन व टी. ए. आय. पी. चे डी. सी.-४, हीदेखील बचावली. त्याच रात्री पोर्तुगीजांनी काही अधिकाऱ्यांची कुटुंबे या दोन विमानांत बसविली. नुकसान झालेल्या धावपट्टीच्या उरलेल्या भागावरून काळोखात उड्डाण करून ही विमाने कराचीकडे निसटली. पोर्तुगीज राजवटीतील ती अखेरची उड्डाणे ठरली. मुरगाव बंदरात ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका भारतीय नौदलाशी झालेल्या चकमकीत निकामी होऊन किनाऱ्यास लागली. १९ डिसेंबर रोजी गव्हर्नर-जनरल व्हासालू ई सिल्व्हा याने शरणागती पत्करली आणि गोव्यातील सु. साडेचार शतकांची पोर्तुगीज सत्ता संपली. दाबोळीतील इमारती वाचविण्याच्या निर्णयाचा परिणाम दूरगामी होता. विजेत्यांच्या हाती केवळ उद्ध्वस्त मैदान न येता दुरुस्त करून वापरता येईल असा विमानतळ आला.

नौदलाकडे हस्तांतर : मुक्तीनंतर गोव्यात काही काळ लष्करी प्रशासन होते व मेजर जनरल के. पी. कँडेथ हे लष्करी राज्यपाल होते. त्यांच्या कारकीर्दीत, एप्रिल १९६२ मध्ये, दाबोळी विमानतळ भारतीय नौदलाच्या स्वाधीन करण्यात आला. या निर्णयामागे नौदलाची तातडीची गरज होती. ‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली होती. तिच्यावरील सी हॉक व आलिझे विमानांना नौका बंदरात असताना राहण्यास व वैमानिकांना सराव करण्यास किनाऱ्यावर तळ हवा होता. ‘हंस’ हा तळ ५ सप्टेंबर १९६१ रोजी तमिळनाडूतील कोईमतूरजवळच्या सुलूर येथे कार्यान्वित झाला होता. पण ते ठिकाण समुद्रापासून दूर आणि हवाई दलाच्या आवारात होते. दाबोळी पश्चिम किनाऱ्याच्या मध्यावर, बंदराला लागून व खुल्या समुद्रासमोर होते. १९६४ मध्ये ‘हंस’ तळ दाबोळीस हलविण्यात आला आणि तेव्हापासून तो नौदलाच्या हवाई शाखेचा प्रमुख तळ बनला.

या हस्तांतराच्या स्वरूपाबद्दल गोव्यात पुढे अनेक वर्षे चर्चा होत राहिली. विमानतळ नागरी वापरासाठी बांधलेला होता. तो लोकनियुक्त शासन येण्यापूर्वी नौदलाकडे दिला गेला. सबब तो राज्याच्या नागरी उपयोगासाठी परत मिळावा, असा एका पक्षाचा युक्तिवाद होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की धावपट्टीची दुरुस्ती, विस्तार व देखभाल नौदलाने केली असून पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणात तिला पर्याय नाही. दोन्ही बाजूंत तथ्य असल्यामुळे हा वाद कागदोपत्री मालकीच्या आधारे मिटण्यासारखा नव्हता आणि प्रत्यक्षात तो वापराच्या वेळांपुरताच हाताळला गेला.

नौदल तळाचा विकास : १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’वरील सी हॉक व आलिझे विमानांनी बंगालच्या उपसागरात कॉक्स बझार, चितगाव इ. ठिकाणी हल्ले चढविले. या विमानपथकांचा किनाऱ्यावरील तळ दाबोळी हाच होता. १९७७ मध्ये सागरी टेहळणी व पाणबुडीविरोधी कामासाठी सोव्हिएट बनावटीची इल्यूशिन-३८ विमाने येथे आली. डिसेंबर १९८३ मध्ये अत्यल्प अंतरात उड्डाण करून सरळ खाली उतरू शकणारी सी हॅरिअर विमाने दाखल झाली. १९८८ मध्ये आलेली लांब पल्ल्याची टी. यू.-१४२ विमाने १९९२ मध्ये तमिळनाडूतील अरक्कोणम येथे हलविण्यात आली. सी हॅरिअर विमाने मे २०१६ मध्ये व इल्यूशिन-३८ विमाने ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्यांची जागा अनुक्रमे मिग-२९ के व पी-८ आय या विमानांनी घेतली. पी-८ आय विमानांचे नवे पथक मार्च २०२२ मध्ये येथे कार्यान्वित झाले.

विमानवाहू नौकेवरील उड्डाणाचा सराव जमिनीवर करता यावा, म्हणून दाबोळी येथे नौकेच्या पुढील टोकासारखा वर वळलेला उड्डाणमार्ग आणि उतरणाऱ्या विमानाला तारेने अडविणारी यंत्रणा उभारण्यात आली. तेजस या भारतीय बनावटीच्या विमानाच्या नौदली आवृत्तीने डिसेंबर २०१४ मध्ये येथून वक्रमार्गी उड्डाण केले व सप्टेंबर २०१९ मध्ये तारेच्या साहाय्याने थांबण्याची चाचणी यशस्वी केली. बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदल वैमानिकी संग्रहालयात सी हॉक, आलिझे आदी जुनी विमाने पाहावयास मिळतात. नौदलाला दाबोळी सहजासहजी सोडता न येण्याचे कारण या सर्व तपशिलांतून स्पष्ट होते. येथे केवळ विमाने उभी केली जात नाहीत, तर नौकेवरून उडणारा वैमानिक येथे तयार होतो व त्यासाठी दिवसाच्या प्रकाशातील सलग तास लागतात.

नागरी वाहतुकीचा आरंभ : धावपट्टीची दुरुस्ती व जेट विमानांना योग्य अशी सुधारणा झाल्यानंतर १९६६ पासून इंडियन एअरलाइन्सची नागरी सेवा येथे सुरू झाली. त्या काळी विमानप्रवास थोड्यांनाच परवडणारा होता. मुंबईचा सामान्य गोमंतकीय व महाराष्ट्रातील प्रवासी बोटीने वा एस. टी. ने गोव्यास जात असे. दिवसाकाठी मोजकीच विमाने असल्यामुळे नौदल व नागरी सेवा यांच्यात संघर्ष उद्‌भवण्याचे कारण नव्हते. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेस आलेल्या राष्ट्रप्रमुखांची अनौपचारिक बैठक गोव्यात आग्वाद येथे झाली आणि गोव्याचे नाव जगभर गेले. त्याच वर्षी दाबोळीची प्रवासी इमारत झाली. आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी वेगळी इमारत १९९६ मध्ये बांधण्यात आली.

चार्टर वाहतूक : १९८७ मध्ये जर्मनीच्या काँडोर कंपनीचे चार्टर विमान दाबोळीस उतरले व गोव्याच्या पर्यटनाचा नवा टप्पा सुरू झाला. चार्टर पद्धतीत प्रवाससंस्था संपूर्ण विमान ठराविक काळासाठी भाड्याने घेते आणि विमान, हॉटेल व जेवण यांचा एकत्रित दर ठरवून ग्राहकांस विकते. जागा आधीच भरलेल्या असल्याने दरडोई खर्च बराच कमी होतो. यूरोपातील मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला हिवाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर राहणे त्यामुळे परवडू लागले. ब्रिटन व जर्मनी यांच्या पाठोपाठ विसाव्या शतकाच्या अखेरीपासून रशियातूनही मोठ्या संख्येने विमाने येऊ लागली. ऑक्टोबर ते मार्च हा त्यांचा हंगाम असे. या वाहतुकीचे यश परदेशातील प्रवाससंस्थांच्या आर्थिक स्थितीवर अवलंबून होते. सप्टेंबर २०१९ मध्ये टॉमस कुक ही जुनी ब्रिटिश प्रवाससंस्था कोसळली, तेव्हा गोव्यातील हॉटेल व टॅक्सी व्यावसायिकांना त्याची झळ लगेच बसली. पर्यटकांखेरीज दाबोळीचा आणखी एक महत्त्वाचा प्रवासी म्हणजे आखाती देशांत नोकरी करणारा गोमंतकीय. त्याच्या दृष्टीने हा विमानतळ सुटीचे ठिकाण नसून घरी येण्याचा दरवाजा होता.

कमी दराच्या विमानसेवा : १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने देशांतर्गत नियमित विमानसेवा शासकीय महामंडळाकडे राखून ठेवली होती. १९९४ मध्ये हा कायदा रद्द झाल्यावर खाजगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने भारतात कमी दराच्या सेवेचा पाया घातला. मे २००५ मध्ये स्पाइसजेट, नोव्हेंबर २००५ मध्ये गोएअर व ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो या कंपन्या सुरू झाल्या. यांपैकी एअर डेक्कन पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली व गोएअरची उड्डाणे मे २०२३ मध्ये थांबली. शारजाची एअर अरेबिया ही परदेशी कंपनीही अशीच सेवा देत दाबोळीस येऊ लागली. मुंबई, पुणे, बंगलोर, दिल्ली व हैदराबाद येथील नोकरदार तरुणाला शनिवार-रविवार गोव्यात घालविणे शक्य झाले. हंगामी परदेशी पाहुण्यांच्या जागी वर्षभर येणारा देशी पर्यटक बहुसंख्य झाला. २०१८-१९ या वर्षी दाबोळीच्या प्रवाशांची संख्या ८० लाखांहून अधिक झाली. गोव्याची संपूर्ण लोकसंख्या सु. १५ लाख असल्याने हा आकडा किती मोठा आहे, याची कल्पना येते.

कमी दराच्या सेवेचे गणित समजून घेतल्याशिवाय दाबोळीची अडचण कळत नाही. विमान आकाशात असते तेव्हाच कमाई करते. जमिनीवर उभे राहिलेले विमान कर्जाचे हप्ते, भाडे व पगार यांचा खर्च मात्र चालूच ठेवते. म्हणून अशा कंपन्या बहुधा एकाच प्रकारची विमाने वापरतात, त्यांत अधिक आसने बसवितात, जेवणासारख्या सोयी वेगळे पैसे घेऊन देतात आणि विमान उतरल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ते पुन्हा उडविण्याचा प्रयत्न करतात. सकाळी लवकर सुरू झालेले एक विमान रात्रीपर्यंत अनेक शहरांच्या फेऱ्या करते. या साखळीतील एका ठिकाणी दोन तासांचा खोळंबा झाला, तर पुढील सर्व फेऱ्या विस्कळीत होतात. स्वस्त तिकीट हे मुख्यतः वेळेच्या काटकसरीतून आलेले असते.

वेळेची वाटणी : दाबोळीस नेमकी याच वेळेची टंचाई होती. सोमवार ते शुक्रवार सकाळी सु. साडेआठपासून दुपारी सु. एकपर्यंत धावपट्टी नौदलाच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्याची पद्धत होती. त्यामुळे नागरी विमाने पहाटे किंवा दुपारनंतर एकवटत. दुपारी धावपट्टी मोकळी होताच एकामागून एक विमाने येत. काहींना आकाशात घिरट्या घालाव्या लागत व इंधन वाया जाई. प्रवासी इमारत सकाळी रिकामी, तर दुपारी व संध्याकाळी तुडुंब भरलेली असे. सीमाशुल्क, तपासणी व सामान या सर्वच ठिकाणी रांगा लागत. धावपट्टीच्या पूर्ण लांबीचा समांतर मार्ग दीर्घकाळ नसल्याने उतरलेल्या विमानाला धावपट्टीवरूनच मागे यावे लागे आणि तेवढा वेळ दुसऱ्या विमानास ती वापरता येत नसे. डिसेंबर २०१३ मध्ये देशी व परदेशी प्रवाशांसाठी नवी एकत्रित इमारत सुरू झाली. तिने प्रवाशांची सोय केली. तथापि धावपट्टीचे तास तेवढेच राहिले.

नौदलाच्या बाजूनेही ही वाटणी सोपी नव्हती. रात्री उशिरापर्यंत नागरी विमानांची ये-जा, लढाऊ विमानांच्या सरावाला अपुरा अवकाश आणि संरक्षण आवाराच्या मध्यभागी रोज हजारो प्रवाशांची वर्दळ या गोष्टी कोणत्याही लष्करी तळाला अडचणीच्या असतात. विमानतळावर छायाचित्रे घेण्यास असलेली बंदी ही प्रवाशाला जाणवणारी त्याची छोटी खूण होय. नौदलाने आपला हवाई तळ दक्षिणेस कारवारजवळील ‘सीबर्ड’ या नव्या नौदल प्रकल्पाकडे न्यावा, अशी सूचना गोव्यातून वारंवार झाली. परंतु ‘हंस’ तळावरील यंत्रणा व प्रशिक्षणव्यवस्था पाहता ती व्यवहारात आली नाही.

अपघात : एकाच धावपट्टीवर दोन प्रकारची वाहतूक चालते, तेव्हा एका बाजूचा अपघात दुसऱ्या बाजूलाही थांबवितो. २७ डिसेंबर २०१६ रोजी पहाटे मुंबईस निघालेले एक नागरी विमान उड्डाणाच्या वेळी धावपट्टी सोडून घसरले. आतील १६१ जण बचावले, काहींना किरकोळ दुखापती झाल्या व धावपट्टी काही तास बंद राहिली. ३ जानेवारी २०१८ रोजी नौदलाचे मिग-२९ के विमान धावपट्टीबाहेर जाऊन पेटले. प्रशिक्षणार्थी वैमानिक सुखरूप बाहेर पडला, पण नागरी उड्डाणे खोळंबली. सर्वांत दुःखद घटना १ ऑक्टोबर २००२ ची होय. इल्यूशिन-३८ पथकाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी दोन विमानांची हवेत टक्कर होऊन दोन्ही विमानांतील नौसैनिकांसह जमिनीवरील काही व्यक्तीही मृत्युमुखी पडल्या. दाट वस्तीशेजारी लष्करी उड्डाणे चालविण्यात असलेला धोका त्या दिवशी स्पष्ट झाला.

अन्यत्र आढळणारी उदाहरणे : दुहेरी उपयोगाचे विमानतळ भारतात अनेक आहेत. श्रीनगर, चंडीगढ, जोधपूर, बागडोगरा हे हवाई दलाचे, तर विशाखापटनम् हा नौदलाचा. १९६१ मध्ये ज्या लोहगावहून कॅनबेरा विमानांनी दाबोळीवर हल्ला केला, त्या पुण्यालाही हीच परिस्थिती आहे. १९३९ मध्ये ब्रिटिश हवाई दलासाठी स्थापन झालेला तो तळ भारतीय हवाई दलाच्या मालकीचा असून औद्योगिक पुण्याची नागरी वाहतूक त्याच धावपट्टीवरून चालते. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२० पासून तेथील रात्रीची उड्डाणे थांबविण्यात आली व ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ दोन आठवडे पूर्णपणे बंद ठेवावा लागला. शहराजवळ दुसरी धावपट्टी नसल्याचे परिणाम पुणेकरांना तेव्हा जाणवले. परदेशांतील बोधप्रद उदाहरण थायलंडचे आहे. बँकॉकचा डॉन मुआंग हा १९१४ पासूनचा हवाई दलाचा तळ शहराचा मुख्य नागरी विमानतळही होता. सप्टेंबर २००६ मध्ये सुवर्णभूमी हा नवा विमानतळ सुरू झाल्यावर तो नागरी वाहतुकीस बंद करण्यात आला. परंतु पुढील वर्षीच देशांतर्गत उड्डाणांसाठी उघडावा लागला आणि २०१२ पासून तो कमी दराच्या विमानकंपन्यांचे प्रमुख केंद्र बनला. नवा विमानतळ झाला म्हणजे जुना निरुपयोगी होतो, हे गृहीत तेथे चुकीचे ठरले.

मोपा व दाबोळीचे भवितव्य : उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्यात, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सीमेलगत मोपा येथे नागरी विमानतळ बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २००० मध्ये मान्यता दिली. तो सुरू झाल्यावर दाबोळीची नागरी वाहतूक बंद करावी, अशी अट त्या निर्णयात होती. दक्षिण गोव्यात या अटीस तीव्र विरोध झाला. वास्को व मडगाव परिसरातील हॉटेले, टॅक्सीचालक, सामान वाहणारे कामगार व छोटे दुकानदार यांचा निर्वाह दाबोळीवर अवलंबून होता. सासष्टी व काणकोणच्या रहिवाशांना मोपा दूर पडत होते. उलट पेडणे, बार्देश व लगतचा सावंतवाडी-वेंगुर्ले भाग यांना नव्या विमानतळाची अपेक्षा होती, पण पठारावरील शेतजमिनी, झरे व वृक्ष यांच्या हानीबद्दल स्थानिक चिंताही होती. २०१० मध्ये मंत्रिमंडळाने अट शिथिल करून दोन्ही विमानतळ चालू ठेवण्याचे ठरविले. नोव्हेंबर २०१६ मध्ये मोपा येथे कोनशिला बसली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणविषयक परवानगी स्थगित केली व फेरविचारानंतर जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठविली. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन होऊन त्यास माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले आणि ५ जानेवारी २०२३ पासून नियमित उड्डाणे सुरू झाली.

मोपा येथे चोवीस तास धावपट्टी उपलब्ध असल्याने काही विमानकंपन्यांनी आपली सेवा तिकडे नेली व काहींनी ती दोन्ही ठिकाणी विभागली. अनेक दशके दाबोळीत अधिक वेळ मिळावा म्हणून झगडणाऱ्या मुरगाव-सासष्टीतील व्यावसायिकांपुढे आता असलेली विमाने टिकविण्याचा प्रश्न उभा राहिला. ज्या टंचाईविरुद्ध त्यांची तक्रार होती, ती कमी होताच दाबोळीवरील त्यांचा व्यवसायही घटू लागला. नौदलाला मात्र धावपट्टीवर काहीशी मोकळीक मिळाली.

समालोचन : दाबोळीच्या इतिहासातून दुहेरी उपयोगाच्या विमानतळाचे बळ व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. स्वतंत्र नागरी विमानतळ बांधण्याइतकी वाहतूक व पैसा नसताना, नौदलाने राखलेल्या धावपट्टीमुळेच गोव्यासारख्या छोट्या प्रदेशाला मोठ्या जेट विमानांची सोय लाभली. तिच्या देखभालीचा भार नागरी प्रवाशावर पूर्णपणे पडला नाही, हेही स्वस्त विमानप्रवासास उपकारक ठरले. मात्र राज्याची अर्थव्यवस्था पर्यटनाभोवती गुंफली गेल्यावर तिचा मुख्य दरवाजा दिवसातील काही तास दुसऱ्याच्या गरजेप्रमाणे बंद राहणे, ही तिची दुर्बलता बनली. नौदलाचा हेतू संरक्षणाचा व नागरिकांचा हेतू उपजीविकेचा असल्याने यांपैकी कोणताही दावा क्षुल्लक नव्हता. १९६१ मध्ये इमारती वाचवून धावपट्टी तोडण्याचा निर्णय आणि १९६२ मध्ये ती धावपट्टी नौदलाकडे देण्याचा निर्णय, हे दोन्ही त्या त्या वेळच्या निकडीतून अल्पकाळात घेतले गेले. त्यानंतरच्या सहा दशकांत गोव्यात कोण, केव्हा व किती खर्चात येऊ शकेल, हे बऱ्याच अंशी त्या दोन निर्णयांनी ठरविले.